जंगलातील धबधब्यापर्यंतची पहिली छोटी पायवाट: सातारा आणि सांगलीकरांसाठी नियोजनाचे मार्गदर्शन

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला जंगलातला धबधबा दूर नाही. पहाटे घर सोडले तर संध्याकाळपर्यंत परत येता येईल अशा अंतरावर लिंगमळा, ठोसेघर, वजराई, ओझर्डे ही ठिकाणे आहेत. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी चालण्याचे अंतरही थोडेच आहे. अंतर थोडे म्हणून तयारीही थोडीच पुरेल, असा नवख्यांचा समज असतो आणि इथेच घोटाळा होतो. अशा सहलीत पायांच्या ताकदीपेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात. धबधब्याच्या वरच्या अंगाला किती पाऊस पडतो आहे ही पहिली, आणि परतीचा रस्ता केव्हा धरायचा ही दुसरी. या दोन्ही गोष्टी घरी बसून ठरवता येतात, आणि पुढील सगळे नियोजन त्यांच्याभोवतीच मांडले आहे.

आपल्या गावचे आभाळ पाहून निघू नये

अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच सोडतात. त्यामुळे नवजा, कोयनानगर आणि महाबळेश्वर येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात किंवा सांगलीच्या जत-आटपाडी भागात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपासच राहतो. सकाळी सातारा शहरात रस्ते कोरडे असणे आणि त्याच वेळी कासच्या पुढे ओढे दुथडी भरून वाहत असणे, यात विशेष असे काहीच नाही. सांगलीकरांना तर हे वेगळे सांगायला नको. शहरात ऊन पडलेले असताना आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी इंचाइंचाने चढत ४० फुटांची इशारा पातळी आणि पुढे ४५ फुटांची धोका पातळी गाठते, हे त्यांनी पाहिलेले आहे. धबधब्याच्या ओढ्याचे तंत्रही हेच असते. फक्त नदीला जिथे दिवस लागतो, तिथे ओढ्याला काही मिनिटे पुरतात.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा सगळा प्रदेश तयार झाला. काही थर कठीण आणि काही ठिसूळ असल्यामुळे डोंगराची झीज पायऱ्यापायऱ्यांनी झाली. वजराईसारखा धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो, त्याचे कारण याच थरांत आहे. या डोंगरांच्या माथ्यावर पुष्कळ ठिकाणी जांभ्या दगडाचा सपाट सडा असतो, आणि कासचे पठार हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. सड्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो. जूनमधला पहिला पाऊस त्यात थोडाफार मुरतो. परंतु जुलै उजाडेपर्यंत ही माती पुरती भिजलेली असते आणि त्यानंतर वर पडणारी जवळजवळ प्रत्येक सर थेट ओढ्यात उतरते. आपण खाली झाडीत उभे असतो, डोक्यावर पाऊस नसतो, वरचा सडा दिसतही नाही, आणि पाणी मात्र निघालेले असते.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते लोक प्रवाहाच्या मध्यभागी खडकावर उभे होते आणि पाणी वाढल्यावर काठ गाठायला त्यांना वाटच उरली नाही. ते ठिकाण आपल्या जिल्ह्यातले नसले तरी खडक तोच आहे आणि पाऊसही तोच आहे.

पहिल्यांदा कोठे जावे

ज्याने यापूर्वी जंगलवाट कधी चाललेली नाही, त्याने पहिल्या वेळी लिंगमळ्याला जावे असे माझे स्पष्ट मत आहे. महाबळेश्वरपासून पाचगणीच्या दिशेने सुमारे सहा किलोमीटरवर हे ठिकाण येते. गाडी लावल्यानंतर दाट झाडीतून थोडेसे चालणे होते, वाट ठळक आहे, माणसांची वर्दळ असते आणि तरीही पावसाळी जंगलाचा अनुभव पुरेपूर मिळतो. जांभूळ, अंजनी, पिसा अशा सदाहरित झाडांच्या शेवाळलेल्या फांद्या दोन्ही बाजूंनी वाटेवर ओणवलेल्या असतात. वेण्णा तलावाकडून आलेली नदी इथे आधी लहान टप्प्यात आणि मग खोल दरीत कोसळते. हेच पाणी पुढे कण्हेर धरणात जाते आणि माहुलीला कृष्णेला मिळते. सातारकराने आपल्या नदीचा वरचा भाग एकदा तरी पायी जाऊन पाहावा, असे मला मनापासून वाटते.

ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले सोबत असतील तर ठोसेघर अधिक सोयीचे आहे. सज्जनगडाच्या रस्त्याने पुढे गेल्यावर हे गाव लागते, आणि थोडेच अंतर चालून कठडा असलेल्या जागेवरून दरीपलीकडचा धबधबा पाहता येतो. इथे कठडा ओलांडून खाली उतरण्याचा विचारसुद्धा करू नये. ती दरी चालण्यासाठी नाही, पाहण्यासाठी आहे.

एक-दोन वाटा चालून झाल्या, पाय थोडे सरावले, म्हणजे कासच्या पुढे भांबवलीच्या वजराईचा विचार करावा. सुमारे ५६० मीटर उंचीचा म्हणून ओळखला जाणारा हा धबधबा उरमोडी नदीच्या उगमाकडचा आहे, आणि गावापासून जंगलातून पायी जावे लागते. सप्टेंबरमध्ये कासचा फुलांचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवारी या रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. त्या दिवसांत वजराईला जायचे असेल तर मधला वार निवडावा, नाहीतर चालण्यासाठी राखलेला वेळ गाडीतच निघून जाईल.

कराड, पाटण आणि सांगलीकडच्या लोकांना कोयनेच्या खोऱ्यातला ओझर्डे धबधबा जवळ पडतो. कराड-चिपळूण रस्त्याने कोयनानगर गाठायचे आणि तिथून नवजाकडे वळायचे. जंगलातून पायऱ्यांची वाट आहे. मात्र हा सगळा परिसर कोयना अभयारण्याचा, म्हणजे २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा शेजार आहे. त्यामुळे प्रवेश, शुल्क आणि वेळ वनखात्याच्या नियमांप्रमाणे चालते, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी वाट खुली आहे का याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

सडावाघापूरचा उलटा धबधबा अलीकडे फार लोकप्रिय झाला आहे. वाऱ्याच्या जोराने कड्यावरून पडणारे पाणी परत वर उडते, ते दृश्य खरोखरच विलक्षण असते. परंतु ते पाहण्यासाठी माणूस कड्याच्या धारेवर, ओल्या गवतात, जोरदार वाऱ्यात उभा राहतो. म्हणून पहिल्या सहलीसाठी मी हे ठिकाण सुचवणार नाही.

महिन्याचे म्हणाल, तर नवख्यांनी ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा काळ धरावा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दगड-माती नुकती सैल झालेली असते, जुलैत आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात पाऊस सर्वाधिक असतो, आणि धुके इतके उतरते की वाट तुडवून गेल्यावर समोरचा धबधबा फक्त ऐकू येतो. सप्टेंबरमध्ये पाणी भरपूर असते, उघडीप मिळते आणि सोनकी, तेरडा फुललेले असतात.

परतीची वेळ आधी ठरवावी

आपल्याकडे बहुतेकांची चालण्याची सवय गडांवर घडलेली असते. गडावर सकाळी ताज्या पायांनी चढायचे असते आणि दमल्यावर उतरायचे असते. धबधब्याच्या तळाशी उतरणाऱ्या वाटेवर हे गणित उलटते. आधी उतार लागतो, तो झपाट्याने संपतो आणि आपण फार वेगाने आलो असे वाटू लागते. नंतर भिजलेले कपडे, पाणी शोषून जड झालेले बूट आणि दमलेले पाय घेऊन सगळा चढ चढावा लागतो. म्हणून जाताना लागलेल्या वेळेवरून परतीचा अंदाज कधीही बांधू नये.

वेळेचा हिशेब करण्याची एक जुनी रीत आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये ती मांडली. दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास मिळवायचा. हा हिशेब सरावलेल्या माणसाचा आणि बऱ्या वाटेचा आहे. पावसाळी जंगलात नवख्यांनी तो सरळ दुप्पट करावा. समजा, वाट अडीच किलोमीटरची आहे आणि २०० मीटर खाली उतरते. परतताना अंतराची तीस मिनिटे आणि चढाची वीस मिनिटे, अशी पन्नास मिनिटे होतात. ती दुप्पट केली की शंभर, म्हणजे पावणेदोन तास धरावेत. उतरायला सव्वा तास आणि धबधब्यापाशी पाऊण तास धरला, तर नऊ वाजता गाडीपासून निघालेला गट अकरा वाजता परतीला लागतो आणि पाऊण वाजता गाडीपाशी पोहोचतो. यात एक तास हाताशी राखीव ठेवावा. कुणाचा पाय मुरगळला किंवा ओढ्यापाशी थांबावे लागले, तर तो कामी येतो.

या उदाहरणातील अकरा ही वेळ गटातील प्रत्येकाला निघण्यापूर्वी सांगून ठेवावी. वाटेत उशीर झाला आणि अकरा वाजले तेव्हा धबधबा दहा मिनिटांवर असला, तरी अकरालाच मागे वळावे. हे ऐकायला कठोर वाटते. पण ही एकच शिस्त पाळली तर काळोखात जंगलात अडकण्याची पाळी येत नाही. सातारा परिसरात जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरअखेर तो साडेसहाच्या आतच जातो, आणि दाट झाडीत, ढगाळ दिवशी त्याच्याही बराच आधी अंधारू लागते. शिवाय सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजांसह येतो. सकाळ निवडण्याचे हेही एक मोठे कारण आहे.

सराव हवा असेल तर सातारकरांना अजिंक्यतारा आणि मिरज-सांगलीकरांना दंडोबाचा डोंगर जवळ आहे. निघण्याच्या आधी दोन-तीन आठवडे, जे बूट घालून जायचे आहेत तेच घालून तिथे चढ-उतार करावी. नवे कोरे बूट थेट जंगलात घालणे टाळावे.

आदल्या दिवशीचा निर्णय

भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय इशारे रंगांत देतो आणि साताऱ्याच्या घाटक्षेत्रासाठी वेगळा इशारा देतो. आपण पाहायचा तो घाटाचा इशारा. सातारा शहराचा किंवा सांगलीचा नव्हे. नारंगी किंवा लाल रंग असेल तर बेत रद्द करावा, त्यावर चर्चा करू नये. पिवळा असेल तर खाली उतरणारी किंवा ओढा ओलांडावी लागणारी वाट सोडून, कठड्यावरून पाहता येणारे ठिकाण निवडावे. हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर झालेला पाऊस हा जोरदार, ११५.६ मिलिमीटरपासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेलेला अत्यंत जोरदार मानला जातो. वृत्तपत्रांत कोयना, नवजा आणि महाबळेश्वर येथील पावसाचे आकडे पावसाळ्यात रोज छापून येतात. मागच्या दोन-तीन दिवसांचे आकडे पाहिले, तर सडा किती भिजलेला आहे आणि ओढे किती भरलेले असतील, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. विजांच्या सूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये असू द्यावे.

अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन धबधबे आणि घाटातील पर्यटनस्थळे बंद ठेवण्याचे आदेश काढते. असा आदेश असताना आडवाटेने जाणारे लोक स्वतःबरोबर त्यांना शोधायला येणाऱ्या गावकऱ्यांचा आणि बचाव पथकातील स्वयंसेवकांचा जीवही धोक्यात घालतात. त्या स्वयंसेवकांपैकी पुष्कळ जण आपापले कामधंदे सोडून रात्री-अपरात्री दरीत उतरतात, ही गोष्ट प्रत्येकाने मनात ठेवायला हवी.

निघण्यापूर्वी घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला कागदावर लिहून द्यावे: कुठे जाणार, गाडी कुठे लावणार, बरोबर कोण आहे, परत येण्याची वेळ कोणती आणि त्यानंतर किती वेळाने कोणाला कळवायचे. भांबवली किंवा नवजासारख्या ठिकाणी फोनला नेहमीच रेंज मिळेल असे धरून चालू नये. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनखात्यासाठी १९२६ हे क्रमांक आहेत. परंतु रेंजच नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही. अशा वेळी घरी ठेवलेला तो कागदच कामी येतो.

अंगावर आणि पाठीवर

बुटांबाबत एकच कसोटी पुरेशी आहे: तळव्याला खोल खोबणी आणि पकड धरणारे रबर हवे. चपला, गुळगुळीत तळव्याचे बूट आणि रबरी गमबूट हे तिन्ही ओल्या कातळावर घसरतात. जीन्स घालू नये, कारण ती भिजली की जड होते, वाळत नाही आणि गुडघा नीट वाकू देत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. ऐन पावसाळ्यात वाऱ्यात ओल्या सुती कपड्यांनी तासभर उभे राहिले तर उन्हाळा सोसलेल्या माणसालाही हुडहुडी भरते. म्हणून चटकन वाळणारे कपडे घालावेत आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत ठेवावा. वाऱ्याच्या कड्यावर छत्री हाताशी असून नसल्यासारखी असते, तिच्याऐवजी रेनकोट घ्यावा. बांबूची किंवा साधी रानातली मजबूत काठी प्रत्येकाकडे असावी. ओढ्याची खोली पाहायला आणि उतारावर तोल सावरायला तिच्याइतके चांगले साधन नाही.

पाणी माणशी दोन लिटर घ्यावे. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी वर सड्यावर गुरे चरत असतात, म्हणून ते पिऊ नये. खाण्यासाठी भाकरी-चटणी, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर असे भिजले तरी चालणारे पदार्थ बरे. याखेरीज बॅटरी, शिट्टी, चिकटपट्टी आणि जंतुनाशक असलेली छोटी प्रथमोपचार पिशवी, चिमूटभर नव्हे तर मूठभर मीठ, आणि फोनसाठी पाणी न शिरणारे पाकीट घ्यावे. संकटाची सर्वमान्य खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबणे आणि पुन्हा सहा वेळा. गटातल्या मुलांनाही ही खूण शिकवून ठेवावी.

मीठ जळवांसाठी आहे. कोयना-महाबळेश्वरच्या जंगलात पावसाळ्यात जळवा असतातच, आणि त्यांना घाबरून सहल बिघडवण्याचे कारण नाही. लांब मोजे पँटवरून ओढून घ्यावेत. जळू लागलीच तर ओढून तोडू नये. नखाने तिचे तोंड बाजूला सरकवावे किंवा मीठ टाकावे. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे लहानशा जखमेतूनही बराच वेळ रक्त येत राहते. जखम धुऊन पट्टी दाबून धरली की ते थांबते.

वाटेवर चालताना

गट चार ते आठ जणांचा असावा. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला माणूस चालावा, सर्वांत मागे धीराचा माणूस असावा, आणि गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्यावर ठरावा. प्रत्येक फाट्यावर मागचा माणूस येईपर्यंत थांबावे. जंगलात ढोरवाटा आणि पायवाटा एकमेकींत मिसळतात, आणि धुक्यात त्या सारख्याच दिसतात. म्हणूनच वजराईसारख्या ठिकाणी गावातला वाटाड्या घेणे शहाणपणाचे आहे. त्याला पैसे किती द्यायचे हे निघण्यापूर्वीच मोकळेपणाने ठरवावे. त्याच्या ज्ञानाची किंमत वाट दाखवण्यापुरती नसते. कालच्या पावसाने कोणती दरड सैल झाली आणि कोणत्या ओढ्याला आज पाणी जास्त आहे, हे त्याच्याइतके कोणत्याही नकाशाला कळत नाही. तो ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

हिरवे शेवाळ धरलेला कातळ जितका निसरडा दिसतो, तितकाच काळसर, चकचकीत ओला कातळही निसरडा असतो. मात्र तो तसा दिसत नाही. त्यावर पूर्ण तळवा टेकवून, लहान पावले टाकत चालावे. उतारावर गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. हाताने आधार घ्यायचा झाल्यास आधी नजर टाकून मगच फांदी धरावी, कारण ओढ्याकाठच्या झुडपांवर हिरव्या रंगाचा चापडा साप निश्चल बसलेला असतो आणि पानांत मिसळून जातो. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, दोरी आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलणार नाही असा स्थिर ठेवून, शक्यतो चालायला न लावता त्या माणसाला रुग्णालयात न्यावे.

गवा दिसला तर थांबावे, मागे सरकावे आणि त्याला जाऊ द्यावे. फोटोसाठी जवळ जाणे अत्यंत धोक्याचे आहे. पाऊस ओसरल्यावर कड्यांवर आग्यामोहोळ असण्याची शक्यता असते, त्यामुळे तिथे धूर, दगडफेक आणि आरडाओरडा पूर्णपणे टाळावा. नशीब चांगले असेल तर उंच झाडावर शेकरू दिसेल. शांत चालणाऱ्या गटालाच तो दिसतो.

ओढा ओलांडणे

या सगळ्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून तो सावकाश वाचावा. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की आपल्या पायावरचा रेटा चौपट होतो. त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी पाणी वीतभरच चढले तरी ओलांडता येण्यासारखा राहत नाही.

पाणी गुडघ्याच्या वर असेल, तळ दिसत नसेल किंवा आत दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर त्या ओढ्यात पाय घालू नये. धबधब्याच्या माथ्याजवळ तर प्रवाह कितीही उथळ असला तरी तो ओलांडूच नये, कारण तिथे घसरलेल्या माणसाला सावरायला दुसरी संधी मिळत नाही. ओलांडायचाच असेल तर ओढा जिथे पसरट होतो ती जागा शोधावी. अरुंद जागा उडी मारायला सोपी वाटते, पण पाणी तिथेच सर्वांत खोल आणि वेगवान असते. पाठीवरच्या पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडावेत, म्हणजे पडल्यास ती झटकन काढता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवावे, काठी समोर टेकवावी, आणि काठी व दोन पाय यांपैकी दोन आधार नेहमी टेकलेले राहतील अशा बेताने आडवे सरकत जावे. बूट काढू नयेत. लहान मुलांना उचलून घेऊन ओढा ओलांडण्याची वेळ येत असेल, तर ती वाट त्या दिवशी आपली नाही असे समजून परतावे.

जाताना ओलांडलेल्या प्रत्येक ओढ्याच्या काठावर पाण्याच्या रेषेला लागून असलेला एक ठळक दगड पाहून ठेवावा, किंवा त्याचा फोटो काढावा. परतताना तो दगड बुडालेला दिसला तर पाणी चढते आहे हे नक्की समजते. अशा वेळी काठापासून उंच जागी थांबावे. हे ओढे जितक्या झटपट चढतात, तितकेच पावसाची सर थांबल्यावर बऱ्याचदा तास-दोन तासांत उतरतात. राखीव तास, कोरडे खाणे आणि बॅटरी जवळ असलेल्या गटाला हे थांबणे जड जात नाही.

धबधब्यापाशी

पोहोचल्यावर सर्वांत आधी धबधब्याकडे नव्हे, तर परतीच्या वाटेकडे पाहावे. पाणी वाढले तर कोणत्या बाजूने आणि किती वर जायचे हे ठरवून, त्याच बाजूच्या काठावर बसावे. प्रवाहाच्या मधोमध असलेल्या खडकावर कधीही बसू नये. पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या येऊ लागल्या, आवाज बदलला किंवा वाऱ्याचा झोत जाणवला, तर सामान गोळा करत न बसता वर सरकावे.

कोसळत्या धारेखाली उभे राहणे मोहाचे असते, आणि तो मोह आवरावा. वरून पाण्याबरोबर दगडही येतात. धारेखालच्या डोहात हवा मिसळून पाणी फेसाळलेले असते आणि अशा पाण्यात शरीर नेहमीइतके तरंगत नाही. चांगला पोहणारा माणूसही तिथे खाली ओढला जातो. भिजायचे असेल तर धारेपासून दूर, तळ दिसणाऱ्या, घोट्याइतक्या पाण्यात भिजावे. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या गटाजवळ थांबू नये. फोटो काढताना पाठ दरीकडे करून मागे सरकू नये. फोटो काढणाऱ्याने आणि उभे राहणाऱ्याने दोघांनीही आधी पाय स्थिर करावेत आणि मगच फोनकडे पाहावे.

खाल्लेल्याचा कागद, प्लास्टिक आणि फळांच्या साली परत आणाव्यात. इथे टाकलेली बाटली उरमोडीत, वेण्णेत किंवा कोयनेत जाते आणि शेवटी आपल्याच पिण्याच्या पाण्याच्या धरणात पोहोचते.

परतल्यावर

गाडीपाशी आल्यावर प्रथम सगळ्यांची मोजदाद करावी, मग कोरडे कपडे घालावेत आणि रेंज येताच घरी कागद दिलेल्या माणसाला सुखरूप परतल्याचे कळवावे. घाटात धुके असेल तर दमलेल्या माणसाने गाडी चालवू नये. पंधरा मिनिटे थांबून गरम चहा घेऊन निघालेले बरे. घरी पोहोचल्यावर घोटे, गुडघ्यामागची बाजू, काख आणि मान नीट तपासून जळवा किंवा गोचीड चिकटलेली नाही हे पाहावे. गढूळ पाण्यात भिजलेल्या जखमा साबणाने धुवाव्यात, आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप व तीव्र अंगदुखी जाणवली तर डॉक्टरांना जंगलातल्या पाण्यात गेल्याचे आवर्जून सांगावे. बूट उन्हात किंवा शेगडीजवळ न ठेवता, आतले तळवे काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. बोळे सकाळ-संध्याकाळ बदलले की दोन-तीन दिवसांत बूट वाळतात. वाटेला प्रत्यक्ष किती वेळ लागला, कुठे ओढा लागला आणि त्याला किती पाणी होते, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या वाटेचा हिशेब करताना नेस्मिथच्या नियमापेक्षा आपल्या गटाची ही नोंद अधिक उपयोगी पडते.